ज्या टिकल्या, त्यांना विचारा

इयरफोन लावलेत ना? आजची गोष्ट हॉस्पिटलची आहे, पण सुरुवात माझ्या घरातून.

माझी ताई नर्स आहे. मागच्या महिन्यात नाइट करून आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "राजीनामा लिहून ठेवलाय रे. द्यायचा तेवढा बाकी आहे." आईने विचारलं, "पगार पुरत नाही का गं?" ताई नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ लागेना, म्हणून मी जुना इतिहास चाळायला बसलो.

१९८०च्या सुमाराला अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. नर्सेस नोकरी का सोडतात, हे सगळेच विचारत होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने प्रश्न उलटा केला: ज्या हॉस्पिटलांतून नर्सेस जात नाहीत, तिथे असं आहे तरी काय? १६५ हॉस्पिटलांची नावं आली, त्यातली ४१ निवडली आणि तिथल्या नर्सेसनाच विचारलं. १९८३ साली अहवाल आला. या हॉस्पिटलांना नाव पडलं 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक.

धरून काय ठेवत होतं? चांगला पगार तर हवाच. पण सोबत वॉर्डात पुरेशी माणसं, ड्युटी लावताना थोडी सवलत, पुढे शिकायची संधी आणि नर्सच्या शब्दाला मान.

पुढे २००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. एका नर्सवर एक पेशंट जास्त, की ती पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली. आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. म्हणजे हा प्रश्न फक्त सिस्टरांचा नाही, खाटेवरच्या माणसाचाही आहे. कॅलिफोर्नियाने तर १९९९ साली कायदाच केला आणि २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, हे ठरवून दिलं.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. ती म्हणाली, "त्या रात्री चाळीस पेशंट आणि मी एकटी. सकाळी राउंडला सांगत होते, चौदा नंबरचा श्वास बरा वाटत नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही."

"मग राजीनामा?"

"पर्समध्येच आहे अजून."

तुमच्या घरात, शेजारी कुणी सिस्टर असेल तर 'का सोडतेस' असं विचारू नका. 'काय असलं तर राहशील?' असं विचारा. आणि उत्तर पूर्ण ऐका.

भेटू पुढच्या भागात!