भंडारदऱ्याच्या फोटोची कुळकथा

भंडारदऱ्याच्या आर्थर लेककाठी मोबाईल निघाला की बहुतेकांचा फोटो एकाच घाटाचा येतो: अलीकडे झाडाची काळपट फांदी, मध्ये पाणी, पलीकडे धूसर डोंगररांग. तलाव विल्सन धरणाचा, म्हणजे 1926चा. ही मांडणी मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीची, आणि ती गावोगाव पोचली तांब्याच्या पत्र्यावरून.

सतराव्या शतकात रोममध्ये चित्रकार क्लोद लोरँने ती रूढ केली. त्याच्या रेखाटनांवरून रिचर्ड अर्लमने 1777त लंडनमध्ये दोनशे छापचित्रं केली. इंग्रजांना आपल्या खेड्यांतले ओढे आणि कुरणं त्याच डोळ्यांनी दिसू लागली. त्याआधी दोनच वर्षं पॉल सँडबीने दक्षिण वेल्सची दृश्यं ॲक्वाटिंटमध्ये छापली होती. यात पत्र्यावर राळेची भुकटी तापवून चिकटवतात आणि पत्रा आम्लात सोडतात. कणांमधलं तांबं आम्ल खातं, तिथे शाई धरते. जितका जास्त वेळ आम्लात, तितकी छटा गडद. पांढरं राखायचं तिथे आधीच वार्निश. जलरंगाचा हलका उतार असा कागदावर उतरू लागला. कागदावर चित्र उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर आधीच उलटं काढावं लागे, ही डोकेदुखी वेगळीच.

थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी हे तंत्र 1786 ते 88 दरम्यान कलकत्त्यात वापरून शहराची बारा दृश्यं काढली. आपल्याकडे हा धागा पुण्याशी जुळतो. तिथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं जमवत होता. 1795त तो साष्टीत तापाने गेला. कागद लंडनला पोचले आणि 1803मध्ये थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली त्यांची चोवीस छापचित्रं झाली. डॅनियल स्वतः वेरूळला कधी गेलाच नव्हता! न पाहिलेल्या डोंगरावर छाया कुठे पडते हे ठरवायला धाडस लागतं, आणि बरीचशी सवयही. म्हणून त्या चित्रांकडे पुरावा म्हणून बघताना मी जरा हात आखडता घेतो.

त्या संचाच्या शीर्षकपानावर नावं वेल्स आणि डॅनियलची. वेल्सचा सहकारी, पुण्याचा गंगाराम तांबट, तिथे नाही. पेशव्यांनी मॅलेटच्या सांगण्यावरून शनिवारवाड्यात काढलेल्या चित्रशाळेशी जोडलेला हा चितारी. त्याची लेण्यांची रेखाटनं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.