बोंडातले विष, बोंडातला उतारा

दिवाळीत अनारसा खसखशीवर थापताना तिच्या बोंडाची आठवण आपल्याला होत नाही. ते बोंड हिरवे असताना त्याला चिरा दिल्या की दुधासारखा चीक पाझरतो आणि वाळून काळा पडतो. तीच अफू. ग्रीकांचे ‘ओपिऑन’ अरबांकडे ‘अफ्यून’ झाले आणि संस्कृतात आले ते ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, होऊन. पचण्याआधीच सर्वांगात पसरणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून शार्ङ्गधरसंहितेने भांगेबरोबर याच अहिफेनाचे नाव घेतले आहे. इतक्या जुन्या काळी वैद्यांनी तिचा वेग अचूक हेरला होता, हे वाचून थक्क व्हायला होते.

पुढची काही शतके ओलांडून आपण थेट मुंबईच्या गिरणगावात येऊ. 1878 च्या अफू कायद्याने विक्री सरकारी परवान्याखाली आणली होती, आणि परवान्याच्या दुकानातून निघालेली अफू ‘बाळगोळी’ होऊन चाळीतल्या पाळण्यापर्यंत पोहोचत होती. आईला दिवसभर साच्यावर उभे राहायचे असे आणि घरी मूल सांभाळायला कोणी नसे. गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी 1922 मध्ये नोंदवले की त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. त्या आयांना दोष देणे मला जमत नाही. पण बाळाला निजवणारी मात्रा आणि त्याचा श्वास थांबवणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि अफूची पुढची सगळी कहाणी त्या थोड्याशा अंतराची आहे. 1949 मध्ये अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत औषधाखेरीजचे अफूसेवन बंद करण्याचे ठरवले. आपले नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले लातूर निजामाच्या अमलातून सुटून त्या वेळी जेमतेम वर्ष झाले होते.

तिकडे युरोपात त्या चिकाचे सत्त्व काढण्याचे काम केव्हाच सुरू झाले होते. 1805 च्या सुमारास सर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. 1874 मध्ये लंडनच्या राइटने मॉर्फिनपासून आणखी तीव्र द्रव्य बनवले, आणि 1898 मध्ये बायर कंपनीने ते ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. 1980 च्या दशकात त्याचेच मळकट भावंड, ब्राउन शुगर, मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘गर्द’ या नावाने शिरले. अनिल अवचटांच्या लेखांनी मराठी घरांना खडबडून जागे केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे मराठी समाज तिथे शिकला.

बेल्जियमच्या पॉल जान्सेन यांनी 1960 मध्ये प्रयोगशाळेत घडवलेल्या फेंटानिलला मात्र बोंडही लागत नाही की शेतही. मॉर्फिनच्या ऐंशी ते शंभर पट तीव्र असलेले हे औषध शस्त्रक्रियेत आणि कर्करोगाच्या वेदनेत मोठा आधार देते. 2015 मध्ये आपल्या सरकारनेही त्याला अत्यावश्यक मादक औषधांत स्थान दिले. अमेरिकेत ते चोरट्या बाजारात उतरले आणि 2022 या एका वर्षात फेंटानिल व तत्सम कृत्रिम द्रव्यांनी सत्तर हजारांहून अधिक माणसे नेली. आपल्याकडची वाट अजून वेगळी आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये नांदेडच्या कामठा भागात केंद्रीय पथकाला 111 किलो डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, सापडला. एप्रिल 2025 मध्ये लातूरच्या चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात मेफेड्रोनचा, लोकांच्या तोंडी ‘एमडी’चा, कारखानाच उघडकीस आला. साडेतीन वर्षांच्या आत आपल्या दोन शेजारी जिल्ह्यांनी शेतातला माल पाहिला आणि रसायनांचाही पाहिला. मला भीती वाटते ती या वेगाची.

उताऱ्यालाही वंशावळ आहे. 1961 मध्ये फिशमन आणि लेवेन्स्टाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये नॅलॉक्सोन शोधले. ते बनते अफूतल्याच थिबेन या द्रव्यापासून. मेंदूत अफूने अडवलेली जागा ते बळकावते आणि श्वास परततो. एमडीवर त्याचा उपयोग नाही. पण काय घेतले ते कळत नसेल, तरी दिल्याने सहसा अपाय होत नाही. हाक मारून, हलवून माणूस उठत नसेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, ओठ निळे पडले असतील आणि श्वास घरघरत तुटत असेल, तर आधी 108 ला फोन करावा. श्वास थांबलाच असेल तर तोंडाने श्वास द्यावा. चालू असेल तर कुशीवर वळवावे. तोंडावर पाणी मारण्यात, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. पोलिसांच्या भीतीने मित्र पळून जातात, तिथेच जीव जातो. थोडा माल जवळ सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर अंमली पदार्थ कायद्याच्या कलम 64अ ने त्याला खटल्यापासून संरक्षण दिले आहे, आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हा क्रमांक आहे. नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांपासून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नॅलॉक्सोनची ही स्वस्त सुई हाताशी हवी, आणि ती टोचता येणारा माणूसही. तिचा असर मात्र अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि अफू पुन्हा श्वास दाबू शकते. म्हणून डोळे उघडून ‘मी बरा आहे, घरी जातो’ म्हणणाऱ्या पोराला त्या रात्री दवाखान्यातून सोडू नये.