गुंठा न समजणारा कॅल्क्युलेटर

पीकविम्याचे अर्ज भरायचे दिवस आले की बीडकडच्या धारूरमधल्या ऑनलाइन केंद्रांवर एक हिशेब पुन्हा पुन्हा मांडला जातो: तीन एकर सतरा गुंठे म्हणजे हेक्टरमध्ये किती? घाईघाईत संगणकावरचा कॅल्क्युलेटर उघडला जातो, त्यात ३.१७ टाकलं जातं आणि ०.४०४७ ने गुणलं जातं. उत्तर येतं १.२८. खरं उत्तर १.३८ च्या थोडं वर आहे. एका टिंबापायी दहा गुंठे जमीन कागदावरून गेली.

चूक गुणाकारात नाही. एकराचे गुंठे ४०, शंभर नव्हेत. त्यामुळे ३.१७ एकर म्हणजे तीन एकर आणि जेमतेम पावणेसात गुंठे. बरोबर रीत अशी: तीन चोक बारा, म्हणजे १२० गुंठे, त्यात १७ मिळवले की १३७. एक गुंठा १.०११७ आर, म्हणून एकूण १३८.६० आर. सातबाऱ्यावर हे क्षेत्र १.३८.६० असं दिसतं: एक हेक्टर, अडतीस आर, साठ चौरस मीटर. पण एका आकड्यात दोन टिंबं कॅल्क्युलेटर घेतच नाही. बालाघाटच्या डोंगरात दोन-अडीच एकरांवर जगणाऱ्या माणसासाठी दहा गुंठे ही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हणून या यंत्राला आपलं माप का कळत नाही, याचा मागोवा घ्यायला हवा.

मराठी मुलखातल्या हिशेबाच्या परंपरेत मापाचं स्थान पहिलं होतं. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’ची सुरुवात बेरीज-वजाबाकीने होत नाही, परिभाषेने होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. मग वजनं, धान्याची मापं, लांबी. जमिनीचं मापही तिथेच आहे: वीस वंश बाजूचा चौरस म्हणजे एक निवर्तन. आधी काय मोजतो आहोत ते ठरवायचं, मग आकडेमोड, हा या ग्रंथाचा क्रम. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला. शके ११२८ चा तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. यादवकाळात गणित शिकवण्यासाठी संस्था होती आणि तिला दानं मिळत होती, याचा हा दगडी पुरावा आहे.

ग्रंथातली ही शिस्त बाजारात पाढ्यांच्या रूपाने टिकली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. आज त्यांच्याकडे केवळ पाठांतराचा छळ म्हणून पाहिलं जातं. मला ते मान्य नाही. रुपयाचे आणे सोळा आणि मणाचे शेर चाळीस असतील, तर चाळीसला सोळाने भागून येतात अडीच. म्हणूनच जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. ज्वारी वीस रुपये मण असेल तर अडीच शेराचे वीस आणे. कागद नको, पेन्सिल नको. अडीचकी येणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकाच वेळी मण, शेर, रुपया आणि आणा फिरत असत. त्याच्या गणनयंत्रात माप आत बसवलेलं होतं.

धारूरसारख्या निजामाच्या राज्यातल्या पेठांमध्ये याच्या जोडीला आणखी एक गुंता होता. हैदराबादचं चलन वेगळं, हाली सिक्का. सात हाली रुपयांचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. म्हणजे शंभर कलदार घ्यायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. सरहद्दीपलीकडे नगर-सोलापूरकडे माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याला प्रत्येक सौद्यात हे त्रैराशिक मांडावं लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आलं, तरी हाली नाणं एकदम गेलं नाही. काही वर्षं दोन्ही चलनं चालत राहिली.

गुंठा याच मोजणीच्या जगातला. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने जमीन मोजून सारा ठरवला. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचेही सोळा आणे. ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढे निजामाच्या राज्यातही मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली आणि गुंठा मराठवाड्यातही रुजला.

यंत्रांचा इतिहासही मापापासूनच सुरू होतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलने १६४२ साली, विशीच्या आतच, बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं, ते वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी. फ्रेंच चलनात बारा दनिएचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र. पास्कलने आपल्या यंत्रात दहा दात्यांच्या चाकांबरोबर बारा आणि वीस दात्यांची चाकंही बसवली. फूट-इंचांत काम करणाऱ्या मोजणीदारांसाठी त्याने वेगळी यंत्रं केली. ज्याचा हिशेब, त्याचं माप यंत्रात.

मग ही चाकं गेली कुठे? जगभर दशमान पद्धत आली आणि त्यांची गरज संपत गेली. भारतात १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-मीटर येऊ लागले. पावकी-निमकी शाळेतून हळूहळू हद्दपार झाली. हा निर्णय योग्यच होता. देशभर एक माप असल्याशिवाय गिऱ्हाइकाची फसवणूक थांबली नसती. १९७१ साली इंटेलची ४००४ ही चिप बुसिकॉम या जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी तयार झाली आणि पुढे यंत्र खिशात मावू लागलं. पण तोवर त्याला फक्त दहाची भाषा उरली होती. पैसा बदलला, वजन बदललं. जमीन मात्र सरकारी कागदावर हेक्टरमध्ये आणि बांधावर एकर-गुंठ्यातच राहिली. वाटणी, खरेदी, बटई, सगळं अजूनही गुंठ्यात बोललं जातं.

संगणकावर कॅल्क्युलेटर विंडोजच्या पहिल्याच आवृत्तीत, १९८५ साली आला. एककांचं रूपांतर त्यात २००९ च्या विंडोज ७ मध्ये आलं. आज त्यात एकर आहे, हेक्टर आहे. गुंठा नाही.

गुंठ्यावरचा उपाय आजही हाताशी आहे. ‘क्वालक्युलेट’ हा कॅल्क्युलेटर मोफत मिळतो, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर बसतो. जुन्या संगणकावर उबुंटू असेल तर तिथल्या सॉफ्टवेअरच्या यादीतून तो थेट घेता येतो. विंडोजवर तो मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावा. वाटेत भेटणाऱ्या जाहिरातींच्या बटणांवरून नव्हे. या प्रोग्रामची खरी ताकद अशी की त्यात आपलं एकक आपल्याला घालता येतं. नवीन एकक बनवायचं, नाव द्यायचं, आणि ते एकराचा चाळिसावा भाग आहे असं एकदा सांगून ठेवायचं. मग तीन एकर अधिक सतरा गुंठे असं लिहून हेक्टरमध्ये उत्तर मागितलं की बरोबर उत्तर मिळतं. हेही नको असेल तर एक्सेलमध्ये एकर आणि गुंठे दोन वेगळ्या चौकोनांत लिहावेत, एकरांना चाळीसने गुणून गुंठे मिळवावेत आणि बेरजेला १.०११७ ने गुणावं. आर मिळतात. एकर-गुंठ्यांच्या मध्ये टिंब देऊ नये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम झालं.

पण प्रत्येक केंद्राने हे स्वतंत्रपणे का करावं? मायक्रोसॉफ्टने मार्च २०१९ मध्ये विंडोज कॅल्क्युलेटरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. त्या कोडात कोरियाचं प्योंग हे जुनं जमिनीचं माप आहे. साधारण ३.३ चौरस मीटरचं हे माप तिथे घरांच्या व्यवहारात अजून बोललं जातं, म्हणून संगणकाचा प्रदेश कोरिया ठेवला की ते यादीत दिसतं. मग प्रदेश भारत असेल तेव्हा गुंठा दिसायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही जमीन गुंठ्यांत मोजली जाते. बदल मोजक्या ओळींचा आहे. धारूर, अंबाजोगाई, बीडकडची संगणक शिकलेली मुलं आज पुण्यात आणि बंगळुरूत कोड लिहितात. त्यांच्यापैकी कुणीतरी ही सूचना रीतसर पाठवावी, आणि ती स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.