पोराच्या गुन्ह्याला बाप जबाबदार? मनूपासून मोटार कायद्यापर्यंत

१९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे जीव घेतले. गाडी चालवल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर होता. काही तासांत बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोक भडकले तेव्हा बापाला अटक झाली. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याचा आणि घरच्या ड्रायव्हरवर गुन्हा अंगावर घेण्यासाठी दबाव आणल्याचाही आरोप झाला. तेव्हापासून सगळीकडे एकच घोषणा आहे, "आई-बापाला आत टाका!"

घोषणा योग्य आहे का? त्याआधी इतिहास विचारला पाहिजे. या देशात एकाच्या कृत्याची शिक्षा दुसऱ्याला देण्याची जुनी सवय आहे, आणि तो दुसरा बहुतेक वेळा आपल्यातलाच निघालेला आहे.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की बायको, मुलगा आणि दास यांना स्वतःचे धन नसते. ते जे कमावतील ते त्यांच्या मालकाचे. म्हणजे बाप हा मुलाचा मालक. मग मालकाने मुलाची देणी फेडावीत ना? याज्ञवल्क्य स्मृती म्हणते, नाही. कुटुंबासाठी काढलेले कर्ज सोडले तर मुलाचे कर्ज बापाने फेडायचे कारण नाही. उलट बापाचे कर्ज फेडणे हे मात्र मुलाचे धर्मकर्तव्य! हक्क वरच्याला आणि बोजा खालच्याला. जी उतरंड जातीत, तीच घरात. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने मुलाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती आटोक्यात आणली. धर्मकर्तव्य म्हणून बापाचे कर्ज मुलावर लादणे संपायला मात्र २००५ ची हिंदू वारसा दुरुस्ती यावी लागली.

गावकुसाबाहेर हीच रीत अधिक क्रूर होती. महार वतनात चाकरी जन्माने चिकटायची. पाळीवरचा माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी राबावे लागे. वतनाचा करार मुलाने कधी केला होता? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही वेठ मोडण्यासाठी. कनिष्ठ गाव वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले.

इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर कळसच केला. कोण्या एकाने चोरी केली म्हणून जमात गुन्हेगार, आणि जमात गुन्हेगार म्हणून पाळण्यातले पोरही गुन्हेगार. पुढच्या दुरुस्त्यांनी मुलांना आई-बापापासून तोडून वेगळे ठेवण्याचे अधिकारही सरकारला दिले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पोलीस चौकीतला संशय गेला का, हे पारधी वस्तीत जाऊन विचारा.

आणि आजची जातपंचायत? पोरीने जातीबाहेर लग्न केले की दंड बापाला. दंड भरला नाही तर घराला वाळीत टाकायचे. म्हणजे मुलांच्या कृत्याची आई-बापावर आर्थिक जबाबदारी टाकण्याची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे. तिथे गुन्हा मानला जातो तो संविधानाने दिलेला हक्क वापरणे! महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला आणि २०१७ पासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हा कायदा वस्तीवस्तीत वाचून दाखवण्याची गरज अजून संपलेली नाही.

मग पालकाला जबाबदार धरायचेच नाही? धरायचे. त्याचा आदर्श आपल्याकडेच आहे. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण महाराजांनी नुसता दंड ठेवला नाही. शाळा काढल्या, फी काढून टाकली, वसतिगृहे उभी केली. आधी राज्याने आपले कर्तव्य केले, मग पालकाला त्याचे कर्तव्य विचारले. तिथे बाप सापडत होता तो स्वतःच्या कसुरीबद्दल. त्याची जात किंवा पोराचा जन्म हा गुन्हा नव्हता.

याच कसोटीवर आजचा कायदा घासून बघू. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पालकाची संमती होती असे न्यायालय गृहीत धरते. मला माहीत नव्हते किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे.

आता शीळफाट्यावर या. कल्याणचा रस्ता आणि मुंब्रा-पनवेल रस्ता इथे मिळतात. कंटेनरच्या रांगांतून मिसरूड न फुटलेली पोरे तिघे-तिघे बसून दुचाकी काढतात. बाप पहाटेच कामावर गेलेला, किल्ली खिळ्याला. अपघात झाला तर पंचवीस हजार ही फक्त सुरुवात. मुलाकडे परवाना नाही म्हणून विमा कंपनी जखमीला दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती लाखांत जाते. चाळीतली खोली विकावी लागते.

बिल्डरला पंचवीस हजार आणि वॉचमनलाही पंचवीस हजार, ही समता नव्हे. फिनलंडमध्ये १९२१ पासून अनेक गुन्ह्यांचा दंड माणसाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. आपल्याकडे ही मागणी का होऊ नये? दुसरे, काळजी घेतली हे सिद्ध करायला वकील लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या वस्तीतल्या आई-बापांनाही स्पष्ट सांगतो. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी देणे हे लाड नव्हेत. रस्त्यावरून चालणारा दुसरा कुणी कष्टकरीच त्या चाकाखाली येतो. किल्ली कुलपात ठेवा. आपल्या हातून झालेल्या कसुरीची जबाबदारी आपण घेतली पाहिजे. पण जन्माने लादलेली जबाबदारी आपण महाडला जाळली आहे, ती कोणत्याही नव्या नावाने परत घ्यायची नाही.

जय भीम! जय संविधान!