पेट्रोलची वाट

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या वेगाविषयी, तिच्या डौलाविषयी आणि शर्यतींत मिळालेल्या करंडकांविषयी लिहितात. पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कोणत्या वाटेने जाते याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ते स्वाभाविकही आहे, कारण ही वाट गाडीच्या पोटाखालून, दृष्टीआडून जाते. परंतु एखादी जुनी गाडी वीस-पंचवीस वर्षे बंद पडवीत उभी राहिली आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचे कोणी मनात घेतले, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो या वाटेचाच.

उदाहरणादाखल इंग्लंडची एम.जी.बी. ही गाडी घेऊ. १९६२ साली ती बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी तयार होत राहिली. अठरा वर्षांत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील पुष्कळ अमेरिकेला गेल्या. दोन माणसांची, बुटकी, छत उघडता येणारी ही गाडी श्रीमंतांची चैन नव्हती. बेताच्या मिळकतीचा तरुणही तिची हौस धरू शकत असे. म्हणूनच ती जितकी मिरवली गेली तितकीच विसरलीही गेली. लग्न झाले, मुले झाली, दोन जागांची गाडी अपुरी पडू लागली. मग ती घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. टाकीत निम्मे पेट्रोल तसेच राहिले.

या गाडीच्या इंजिनाला दोन एस.यू. कार्बोरेटर जोडलेले असत. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे घराणे मूळचे जोड्यांच्या व्यापारातले. त्या घराण्यातील जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने १९०५ च्या सुमारास जो कार्बोरेटर रचला, त्याची युक्ती मोठी सुबक होती. इंजिन जितक्या जोराने हवा ओढील तितका एक भाग आपोआप वर उचलला जावा आणि त्याला जोडलेली निमुळती सुई वर सरकून पेट्रोलची वाट तितकीच मोकळी व्हावी, अशी ती योजना. हा वर उचलला जाणारा भाग प्रारंभी चामड्याच्या भात्याचा होता! जोडेवाल्याच्या घरात चामड्याला काय तोटा? पुढे भाता जाऊन धातूचा पिस्टन आला. १९२६ साली ही कंपनी विल्यम मॉरिस याने विकत घेतली. पण मूळ कल्पना पालटली नाही. योगायोग असा की, एम.जी. कंपनी १९२९ साली अ‍ॅबिंग्डनला ज्या इमारतीत गेली तीही पूर्वी चामड्याचा कारखानाच होती.

आता ताडपत्रीखाली काय घडते ते पाहू. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. कमीअधिक वेगाने उडून जाणाऱ्या अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यातील चपळ भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा प्रथम काकवीसारखा चिकट राप होतो आणि पुढे वार्निशासारखा कठीण थर बनतो. कार्बोरेटरमधील सूक्ष्म छिद्रे त्याने बुजतात, सुई-झडप जागच्या जागी चिकटते. टाकीच्या रिकाम्या भागात दमट हवा शिरते, रात्रीच्या गारठ्यात तिचे पाणी होते आणि ते तळाशी बसून पत्रा खाऊ लागते. एम.जी.बी.च्या टाकीला याहून एक खोड आहे. ती गाडीच्या मागच्या तळपत्र्याला खालून चिकटून बसवलेली असते आणि त्या दोहोंच्या फटीत रस्त्यावरचा ओला चिखल अडकतो. त्यामुळे ती आतून जशी गंजते तशी वरूनही गंजते, आणि खालून पाहणाऱ्याला ती बाहेरून धडधाकट दिसत राहते.

दरम्यान पेट्रोलही बदलले. एम.जी.बी. जन्मली तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची रीत होती. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही २००० सालापासून तसल्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. २०२१ च्या सप्टेंबरापासून ब्रिटनमधील सर्वसाधारण पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले. आपल्या देशात २०२५ साली हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले, आणि त्यातले काही महाराष्ट्रातील उसाच्या मळीतून व रसातून निघालेले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे इष्ट असेल. जुन्या गाडीच्या दृष्टीने मात्र इथेनॉल हा अवघड पाहुणा आहे. ते पाणी शोषून घेते, आणि पाणी फार झाले की त्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. १९६०-७० च्या काळातील रबर त्याच्या सहवासात फुगते, मऊ पडते, नाहीतर तडकते.

म्हणून केवळ कार्बोरेटर धुऊन भागत नाही. टाकीपासून सगळी वाट तपासावी लागते. प्रथम बॅटरीची तार सोडवावी, मग उघड्या हवेत जुने पेट्रोल काढून घ्यावे. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर असते, कारण ती वाफेने भरलेली असते. तिला झाळ लावू पाहणारे कारागीर प्राणांस मुकलेले आहेत. गंजलेली टाकी डागडुजीच्या भरीस न पडता बदलावी, हेच शहाणपणाचे. या गाडीच्या नव्या टाक्या मिळतातही. टाकीपासून पुढे जाणारी लोखंडी नळी सांध्यापाशी खाल्ली गेली असेल तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूची घालावी. रबरी तुकडे तर एकूण एक बदलावेत आणि नव्या नळीवर ‘आर ९’ अशी खूण आहे ना, हे पाहून घ्यावे. गरम इंजिनापाशी पेट्रोलचा एक थेंब गळला तरी सगळी हौस दोन मिनिटांत जळून जाते.

मागच्या चाकाजवळचा विजेचा पंप हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे पॉइंट फार दिवस पडून राहिले की वीज धरत नाहीत. मग मालक खाली वाकून पान्याने त्याला टिचकी मारतो आणि पंप टक्-टक् करू लागतो. ही टिचकी इंग्लंडात दंतकथेइतकी प्रसिद्ध आहे. तिच्यावर विसंबून लांबच्या प्रवासाला निघणे मात्र बरे नव्हे. आतील पडदाही जुना झालेला असतो. आज बिनपॉइंटचे, बाहेरून हुबेहूब तसेच दिसणारे पंप सॉल्झबरी येथे तयार होतात, एस.यू.चे नाव आता तेथील एका कंपनीकडे आहे.

आणि येथेच खरा वाद उपस्थित होतो. टाकी नवी, नळी नवी, पंप नवा. मग जुने काय उरले? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली जी ट्यूरिनची सनद स्वीकारली, तिचा रोख मूळ अंग शक्यतो जपावे आणि केलेला बदल पुन्हा काढून टाकता येईल असा असावा, याकडे आहे. मला हा विचार पटतो. परंतु रबर आणि गंजका पत्रा यांच्या बाबतीत तो ताणू नये असे वाटते. रबरी नळी बदलली जायचीच म्हणून कारखान्यानेही ती बसवली होती. कार्बोरेटरची गोष्ट निराळी. त्याचे धातूचे अंग, पिस्टन, त्यावरील घुमटाकार झाकण ही राखावीत. जेट, सुई, झडप आणि पॅकिंग तेवढी नवी घालावीत. प्रत्येक पिस्टन आपापल्या झाकणाशी जुळवून घासलेला असतो. दोन कार्बोरेटरांची झाकणे चुकून अदलाबदल झाली तर ते नीट चालत नाहीत. काढलेले जुने भाग चिठ्ठी बांधून ठेवून द्यावेत. सरकारी दप्तरात जुनी नस्ती निकाली निघाली तरी तिचा क्रमांक जपावा लागतो, तसेच हे.

सर्व जोडून झाल्यावर इंजिन लगेच चालू करू नये. टाकीत थोडेसे ताजे पेट्रोल घालून किल्ली फिरवावी आणि कान द्यावा. पंप प्रथम भराभर टक्-टक् करतो, नळी भरते, मग कार्बोरेटरमधील पेट्रोल-पात्रे भरतात, टकटक सावकाश होत जाते आणि थांबते. ती थांबली नाही तर कोठे तरी गळती आहे, किंवा झडप बसलेली नाही, असे समजावे. थांबली तर प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहावा, आणि मगच इंजिन फिरवावे. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर गाळणी एकदा उघडून पाहिली म्हणजे टाकीतून काय आले आहे ते कळते.