तिबेटातील आत्मदहने : एक ऐतिहासिक अनुक्रम

मनुष्याने आपल्या प्राणाचा स्वतः अंत करणे, या कृत्यास मराठीत आत्महत्या, आत्मदहन, आत्मार्पण असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतील प्रत्येकात एकेक निवाडा दडलेला आहे. तिबेटच्या अर्वाचीन इतिहासात हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही.

१९५९ च्या उठावानंतर लामा, जमीनदार व जुने अधिकारी यांना भरसभेत उभे करून त्यांच्याच शेजाऱ्यांकरवी व शिष्यांकरवी त्यांची निर्भर्त्सना व ताडन करविण्यात येई. तिबेटी भाषेत या प्रकारास ‘थमझिङ्’ म्हणतात. १९६६ नंतर सांस्कृतिक क्रांतीत त्यास ऊत आला. या सभांच्या धास्तीने वा अपमानाने अनेकांनी जीव दिल्याचे निर्वासितांच्या आठवणींत वारंवार येते. ही मरणे मूक होती. त्यांना आत्महत्या हाच शब्द लागू पडतो. मात्र त्या सामासिक शब्दातील ‘हत्या’ दुसऱ्याची होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

२००९ नंतरचा प्रकार निराळा आहे. त्याची कारणपरंपरा ङाबा या गावी स्पष्ट दिसते. १६ मार्च २००८ रोजी तेथे निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. मृतांसाठी कीर्ती विहारात योजिलेली प्रार्थना अधिकाऱ्यांनी होऊ दिली नाही. त्यावर २७ फेब्रुवारी २००९ रोजी तापे नावाच्या तरुण भिक्षूने स्वतःस पेटवून घेतले. गोळीबाराच्या तिसऱ्या वर्षदिनी, १६ मार्च २०११ रोजी, फुन्त्सोक या भिक्षूने तेच केले व तो दुसऱ्या दिवशी मरण पावला. तेव्हा विहारास वेढा पडला आणि एप्रिलमध्ये सुमारे ३०० भिक्षूंना ‘देशभक्तीच्या शिक्षणा’साठी उचलून नेण्यात आले. त्यानंतर त्याच वर्षी त्या परिसरात आत्मदहनांची मालिकाच सुरू झाली. एकट्या २०१२ मध्ये तिबेटी प्रदेशांत ८० हून अधिक, आणि २००९ पासून एकंदर दीडशेहून अधिक व्यक्तींनी असे केले. खाजगी नैराश्य इतके तिथी पाळून येत नाही.

बौद्ध मतात स्वतःचा जीव घेणे सामान्यतः निषिद्ध आहे. दुसरीकडे जातकात भुकेल्या वाघिणीस देह देणारा बोधिसत्त्वही आहे. दलाई लामांनी २०१२ मध्ये या कृत्यांची स्तुती वा निंदा न करता तटस्थ राहणे पसंत केले. निर्वासितांनी मृतांना ‘पावो’, म्हणजे वीर, म्हटले. चीनच्या न्याययंत्रणेने मात्र डिसेंबर २०१२ मध्ये आत्मदहनास चिथावणी वा साहाय्य देणे हा हेतुपुरस्सर मनुष्यवधच होय असे ठरविले. त्यापूर्वीच, २०११ मध्ये, फुन्त्सोकच्या एका भिक्षू नातलगास त्याच आरोपाखाली ११ वर्षांची शिक्षा झाली होती.

२०१३ मध्ये झोगे तालुक्यात निघालेल्या नियमांनी आत्मदहन करणाऱ्याच्या कुटुंबीयांना सरकारी नोकऱ्या व कर्जे यांपासून वंचित केले. त्या वर्षी आत्मदहनांची संख्या तिसाच्या आत आली. गाऱ्हाणे मिटले म्हणून ती घटली, असे मानण्यास आधार नाही. विहारांवरील पाळत तशीच राहिली. आता मरणाऱ्याला आपल्या मागे राहणाऱ्यांचा हिशेब करावा लागत होता.