करून पाहा

तमिळमध्ये ‘समैत्तु पार’ म्हणजे ‘स्वयंपाक करून पाहा’. इंग्रजीत या पुस्तकाचे नाव ‘कुक अँड सी’ झाले आणि ‘पाहणे’ हे नुसते डोळ्यांचे काम होऊन बसले. मराठी वाचकाला ती अडचण नाही. ‘लिहून पाहा’, ‘विचारून पाहा’ असे आपणही म्हणतो. त्यात प्रयत्नाचे आमंत्रण असते आणि पहिल्यांदा बिघडले तरी चालेल, ही मुभाही असते. एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१ साली मद्रासमध्ये स्वतःच प्रकाशित केलेले हे पुस्तक. आत्याच्या पाककृतींची वही पदरमोड करून छापायचे मी ठरवले, तेव्हापासून ते माझ्या टेबलावर आहे.

तमिळ प्रदेशात पाककृती त्याआधीही लिहिल्या गेल्या होत्या, काही तर मराठीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याशी निगडित हस्तलिखित आहे. पण ते राजवाड्याचे अन्न. मीनाक्षी अम्माळ यांनी लिहिले ते सांबार, रसम, कुट्टू, पायसम असे घरचे अन्न, जे लिहून ठेवायची गरज तोवर फारशी कुणाला वाटली नव्हती.

त्यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्यांच्या हाताची चव नात्यागोत्यात माहीत होती आणि अमुक कसे करायचे, असे विचारणारी पत्रे येत. प्रत्येकीला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा पुस्तकच कर, असे के. व्ही. कृष्णस्वामी अय्यर या वडीलधाऱ्या नातलगाने सुचवले. मला या पत्रांचे मोल वाटते. एकत्र कुटुंबातल्या सुनेला पत्र लिहावे लागत नाही. चुलीपाशी सासू असतेच. पत्र येते ते नोकरीच्या गावी दोघांचाच संसार मांडलेल्या मुलीकडून. जवळ बसून शिकण्याची सोय संपते, तिथे पाककृतीचे पुस्तक सुरू होते.

आणि ते सुरू होताच पहिला प्रश्न येतो मापाचा. मीनाक्षी अम्माळ यांनी पलम आणि आळाक्कु ही त्यांच्या वाचकांच्या घरातली मापे वापरली. पलम म्हणजे तीन तोळे, सुमारे ३५ ग्रॅम; आळाक्कु म्हणजे पडीचा आठवा भाग. पुढे १९५८पासून देशात दशमान वजने लागू होऊ लागली आणि ही मापे हळूहळू बाजारातून गेली. नंतरच्या वाचकांसाठी त्यांचे रूपांतर द्यावे लागले. मराठीत कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७०मध्ये वाटी-चमच्याचे माप धरले, ते याच कारणाने सोयीचे ठरले: वाटी कोणत्याही कायद्याने रद्द होत नाही.

माझ्या वहीत मात्र ना पलम आहे, ना वाटी. ‘बोटाच्या दोन पेरांइतके पाणी’, ‘वास सुटेपर्यंत’, ‘नेहमीचे तिखट’. मी प्रत्येक पदार्थ तीनदा करते, मोजते, लिहिते. पेरांचे पाणी मिलिलिटरमध्ये बसते. ‘वास सुटेपर्यंत’ मात्र मी तसेच ठेवले आहे. तिथे मिनिटे लिहिली, तर वाचणारी घड्याळाकडे बघेल आणि फोडणी जळेल. ‘नेहमीचे’ हा शब्द सर्वांत अवघड, कारण ते ‘नेहमी’ आत्याच्या घराचे होते.

मोजमाप झाल्यावर येतो खर्च आणि हक्क. अमेरिकेत सेंट लुइसच्या इर्मा रॉम्बावर यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९३१ साली ‘द जॉय ऑफ कुकिंग’ असेच स्वखर्चाने काढले. प्रती ३,०००, छापणारा लेबले छापणारा मुद्रक, चित्रे मुलीने काढलेली. १९३६मध्ये पुस्तक एका मोठ्या प्रकाशनाकडे गेले, खूप पसरले. पण त्या करारात पहिल्या, स्वतः छापलेल्या आवृत्तीचा हक्कही त्यांच्या हातून गेला. ‘समैत्तु पार’ मीनाक्षी अम्माळ यांच्या पश्चात घरच्यांनीच चालवले. ते नवऱ्या मुलींच्या सामानातून परगावी, परदेशी गेले, इतर भाषांत गेले. पण कुणासाठी काय बदलायचे, हे ठरवण्याचा अधिकार घरातच राहिला.

जिच्या हातचे जेवून लोक तृप्त झाले, तिचे नाव त्या पदार्थाला क्वचितच लागते. लोक ‘आमच्याकडचे सांबार’ म्हणतात. मुखपृष्ठावर बाईचे नाव येते, तेव्हा ‘आमच्याकडचे’ या शब्दामागे कोण राबत होते ते कळते. मुद्रकाने ‘लेखिका’ या रकान्यात माझे नाव घातले होते. मी ते खोडून आत्याचे लिहिले आणि माझे ‘संकलन’खाली नेले. तिने आयुष्यात एकही लेख लिहिला नाही. पुस्तक मात्र तिचेच आहे.